सव्वा इंच

काकांना मोटारसायकल चालवता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून कोणालाही वाटेल की हा माणूस गॅरेजवाला असणार, नाहीतर तरुणपणी शर्यतीत तरी उतरला असणार. तसं काही नव्हतं. काका आमच्या कंपनीत स्टोअर सांभाळायचे आणि उभा जन्म दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसून कामाला गेले. माझ्या मागे ते नऊ वर्षं बसले. मधले तीन महिने बसले नाहीत, आणि ते का बसले नाहीत हे सांगायला मला अजूनही जड जातं. पण त्याआधी काका कसे होते ते सांगायला हवं.

मी गिरगाव सोडून भाईंदरला, इंद्रलोकमध्ये भाड्याने राहायला आलो तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं आणि अंगात रग होती. कंपनी ठाण्याला. सकाळी काशीमिऱ्याला घोडबंदर रोड धरायचा आणि चेणे, गायमुख करत पोचायचं. ऑफिसात कोणीतरी म्हणालं, "काका तुझ्याच बाजूचे आहेत, येताना उचल त्यांना." मी म्हटलं, त्यात काय, मागची सीट रिकामीच असते. दुसऱ्या दिवशी गोल्डन नेस्टच्या सर्कलला काका उभे. पांढरा हाफ शर्ट, खांद्याला रेक्झिनची बॅग, वजन ब्याण्णव किलो. हा आकडा माझा अंदाज नाही. नमस्काराच्या आधी त्यांनीच मला तो सांगितला. मग माझं वजन विचारलं. मी अडुसष्ट म्हटलं.

"डब्यासकट?"

"डब्याशिवाय."

"मग सत्तर धरू. उतर खाली."

मी उतरलो. काका गाडीच्या मागे जाऊन उकिडवे बसले. बॅगेतून रुमालात गुंडाळलेला एक पाना निघाला, टोकाला कोयतीसारखा वाकडा. तो त्यांनी मागच्या शॉकअपच्या बुडाशी अडकवला आणि जोर लावून फिरवला. कट्ट, कट्ट. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तेच. मागे रिक्षावाले हॉर्न मारत होते, एक बसवाला आमच्या दोघांच्या आईबापांची चौकशी करत होता, पण काकांना घाई नव्हती. पाना पुसून, रुमालात बांधून, बॅगेत ठेवून झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, "दोनवर होती. चारवर घेतलीय. आता बस." मला वाटलं, आजचा दिवस निभावू, उद्या सर्कलवरून लांबूनच जाऊ.

ज्यांचा गाडीशी संबंध फक्त पेट्रोल भरण्यापुरता आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन शॉकअप असतात. त्यांच्या बुडाशी एक कडं असतं, त्याला पाच पायऱ्या. कडं फिरवलं की स्प्रिंग दाबली जाते आणि गाडीची मागची बाजू उचलली जाते. उलटं फिरवलं की खाली बसते. कंपनीतून गाडी येते ती दुसऱ्या पायरीवर, आणि शंभरातले नव्याण्णव लोक ती भंगारात जाईपर्यंत तिथेच ठेवतात. मीही त्यातलाच. काका मात्र मानायचे की माणसं बसल्यावर गाडी मागून बरोबर सव्वा इंच बसली पाहिजे. जास्त बसली तर पुढचं चाक हलकं होतं, हँडल भिरभिरतं आणि हेडलाइट झाडांवरचे कावळे शोधतो. कमी बसली तर गाडी नाक खाली घालते आणि प्रत्येक खड्ड्यात मागच्याला उडवते. सव्वा इंच म्हणजे सव्वा इंच. दीड चालत नव्हता.

त्या दिवशी गायमुखच्या चढावर मला पहिल्यांदा कळलं की मी दोन वर्षं चुकीची गाडी चालवत होतो. ब्याण्णव किलोचा माणूस मागे असून गाडी एकट्याने चालवल्यासारखी वळत होती. मी कौतुकानं काही बोलायला मान वळवली, तर पाठीत बोट रुतलं. "पुढं बघ. बोलायचं असेल तर ठाण्याला पोचून बोलू." दुसऱ्या दिवशी मी सर्कलला थांबलो, ते नऊ वर्षं थांबलो.

संध्याकाळी परत आल्यावर काका उतरायचे, पुन्हा उकिडवे बसायचे आणि गाडी माझ्या एकट्याच्या वजनाला, म्हणजे दोनवर, आणून ठेवायचे. मी एकदा म्हटलं, "राहू द्या ना काका चारवर. इथून घर पाच मिनिटांवर आहे." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी जेवल्यावर हात न धुता उठलो आहे. "दुसऱ्याच्या घरातून निघताना चपला आपल्याच घालतोस ना?" एवढंच म्हणाले आणि कडं फिरवलं.

हे वेड आलं कुठून, हे मला दोनेक वर्षांनी कळलं. काका जुन्या भाईंदरचे, मच्छीमारांच्या घरातले. वडिलांची होडी होती, चुलत्यांची होती. हे घरात सगळ्यात जाडे. जाळं ओढायला उपयोगाचे नाहीत, पोहायला आळशी. मग त्यांना काम काय, तर वजन. होडी मागून बसली की वडील ओरडायचे, पुढं सर. नाक खाली गेलं की मागं ये. "आमच्या होडीत दगड घालायची गरज नव्हती," काका सांगायचे, "मीच होतो." मी विचारलं, "मग तुम्हाला कधी सुकाणू धरावंसं नाही वाटलं?" त्यावर ते म्हणाले, "धरणारा एकच लागतो रे. बाकीच्यांना नीट बसता आलं पाहिजे. तेच कोणाला येत न्हाय."

आणि काकांना नीट बसता यायचं. दोन्ही तळवे मांडीवर, पाठ ताठ, लग्नाच्या फोटोत वरबाप बसतो तसे. वळणावर माझ्याबरोबर झुकायचे, माझ्या आधी नाही, नंतर नाही. खड्डा आला की माझ्या डाव्या खांद्यावर एक टिचकी, मोठा आला की दोन. घोडबंदर रोडवरचे खड्डे त्यांना पाठ होते आणि नवीन पडला की त्यांना घरातल्या बारशाइतका रस असायचा. "चेण्याच्या पुढं एक नवीन आलाय. अजून लहान हाय. पावसाळ्यानंतर बघायचा त्याला."

मी रजेवर असलो की ते दुसऱ्या कोणाच्या गाडीवर यायचे, आणि त्या माणसाची काही खैर नसायची. हळूहळू कंपनीतल्या बहुतेक मोटारसायकलींच्या मागच्या पत्र्यावर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका दिसू लागला. तो काकांचा. स्वतःच्या मुलीची नेलपॉलिशची बाटली त्यांनी ढापली होती. चाकाच्या नटापासून त्या ठिपक्यापर्यंत शिंप्याची टेप लावायची, आधी रिकाम्या गाडीला, मग माणसं बसवून. दोन्हींतला फरक सव्वा इंच यायला हवा. काका स्वतः मागे बसलेले असायचे, त्यामुळे टेप धरायला गेटवरचा वॉचमन. तो बिचारा जौनपूरचा, पहिले काही महिने त्याला वाटायचं की हे कंपनीचंच काम आहे. सकाळी आम्ही गेटवर थांबलो की तो न सांगता टेप घेऊन यायचा आणि वाकून ओरडायचा, "सवा इंच, साहब. बराबर." काका मान डोलवायचे आणि मगच उतरायचे.

आमच्या मॅनेजरसाहेबांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. साहेब उंचीने बेताचे. त्यांनी एक महागडी, उंच गाडी घेतली आणि सिग्नलला पाय टेकेनात म्हणून कुठल्याशा गॅरेजमधून तिची मागची बाजू दीड इंच उतरवून घेतली. सगळे गाडीभोवती जमले होते, पेढे वाटले जात होते. काकांनी पेढा घेतला, गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाले, "साहेब, गाडी उतरवली. साइड स्टँड कोण कापणार?" साहेब हसले. त्यांना वाटलं काका गंमत करतायत. ती गंमत नव्हती. गाडी खाली आली पण स्टँड तेवढाच लांब राहिला, त्यामुळे गाडी तिरकी टेकायच्या ऐवजी जवळजवळ सरळ उभी होती. दुपारी टेम्पो मागे घेताना कोणाचा तरी नुसता धक्का लागला आणि साहेबांची गाडी उजवीकडे पडली. तिच्या उजवीकडे आमच्या पाच गाड्या ओळीने होत्या. आवाज ऐकून सगळा स्टाफ बाहेर आला. माझी गाडी तिसरी होती, आरसा गेला.

दुसरा कोणी असता तर महिनाभर "मी सांगितलं होतं" करत फिरला असता. काकांनी टेप काढली, स्टँड मोजला, चिठ्ठीवर "एक इंच कापणे" असं लिहून ती साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि स्टोअरमध्ये जाऊन बसले. साहेबांनी स्टँड कापून घेतला. त्या विषयावर काका पुन्हा कधीही बोलले नाहीत.

माझ्या लग्नाच्या रिसेप्शनला काका बायकोला घेऊन आले होते. काकी भाईंदरच्या मासळी बाजारात म्हावऱ्याची पाटी घेऊन बसायच्या, बोलायला खणखणीत. त्या माझ्या बायकोची ओटी भरत होत्या आणि काका तिच्याकडे डोळे बारीक करून बघत होते. मला धडकीच भरली. स्टेजवरून उतरताना माझ्या कानात म्हणाले, "पंचावन्नच्या आतबाहेर. तीनवर ठेव." हे मी मूर्खासारखं बायकोला सांगितलं. तिने पुढे सहा महिने काकांशी अबोला धरला, आणि त्या सहा महिन्यांत गाडी तीनवर किती छान चालते हेही तीच सांगायची.

मुलगी झाली तेव्हा काकांनी फोनवर पहिला प्रश्न वजनाचा विचारला. मी सांगितलं, दोन किलो नऊशे. "वा," म्हणाले. मुलगी की मुलगा हे नंतर विचारलं. बाळंतिणीला दूध यावं म्हणून काकींनी मुशी माशाचं कालवण करून पाठवलं, तेही एकदा नाही, चांगलं महिनाभर. माझी आई गिरगावातली, तिला मुशी म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं, पण तीही शेवटी डबा कधी येतो म्हणून वाट बघू लागली. काकांनी मुलीला मांडीवर घ्यायचं मात्र टाळलं. "मोठी होऊ दे. मला लहान वजनं कळत न्हायत." पण रोज सकाळी सर्कलला बसायच्या आधी विचारायचे, "पोरगी किती झाली?" आणि मी सांगायचो, चार किलो, सहा किलो, साडेसात.

ती आठ महिन्यांची असताना माझी गाडी बिघडली. म्हणजे मला तसं वाटलं. दिवाळीनंतर ती मागून उडायला लागली. बारीक खड्ड्यातही चाक दणका द्यायचं. काकांनी नेहमीसारखी चारवर घेतलेली, तरी तसंच. मी म्हटलं, "काका, शॉकअप गेले." माझी अपेक्षा होती की ते वाद घालतील. शॉकअपबद्दल दुसऱ्या कोणी मत दिलेलं त्यांना चालत नसे. पण ते म्हणाले, "जुने झालेत. असेल." मी मेकॅनिककडे गेलो. त्याने गाडी दाबून बघितली, म्हणाला, "भाई, शॉकअप एकदम ओके है. काहे को पैसा डालते हो?" मी कशाला ऐकतोय. नवे बसवले. दोन दिवस तीच उडी, आणि तिसऱ्या दिवशी, सोमवारी, गाडी एकदम लोण्यासारखी. मी खुशीत सगळ्यांना सांगत सुटलो की नवे शॉकअप बसायला दोन दिवस लागतात, मेकॅनिकला काही कळत नाही. काका मागे गप्प होते. थंडी वाढली होती आणि धुळीचा त्रास होतो म्हणून ते हल्ली नाकातोंडाला मोठा रुमाल बांधून, मान बाजूला करून बसायचे. गेटवर वॉचमन पुन्हा सवा इंच म्हणू लागला, आणि आमचं चाललं होतं.

जानेवारीत एका सकाळी चेण्याजवळ मागचं चाक पंक्चर झालं. सुदैवाने दुकान समोरच होतं. काका शेजारच्या टपरीवर चहा सांगायला गेले आणि पंक्चरवाला म्हणाला, सीटवरची बॅग उचला. ती काकांची बॅग होती. मी एका हाताने उचलायला गेलो आणि खांद्यातून कळ आली. बॅग हलेना. दोन्ही हातांनी उतरवून चेन उघडली, तर आत डबा, त्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन लोखंडी वजनं, पाच पाच किलोची, जुन्या तराजूची. काकींनी इलेक्ट्रॉनिक काटा घेतल्यापासून ती घरात पडून असणार. त्यांच्या बाजूला वाकडा पाना, आणि पान्याच्या रुमालात एक कार्ड आणि गोळ्यांची पाकिटं.

कार्ड टीबीचं होतं. औषध सुरू केल्याची तारीख आठ दिवसांपूर्वीची, आणि खाली वजन. एकोणऐंशी.

तेरा किलो. रोज माझ्या पाठीला चिकटून बसलेला माणूस तेरा किलोंनी उतरला होता आणि मी शॉकअप बदलले होते. तीनवर घेतली असती तर मी 'का?' म्हणून विचारलं असतं, म्हणून ते रोज चारवरच घेत होते. आणि चारवर गाडी उडते, ते त्यांनाच सहन होईना, म्हणून वजनं घेऊन बसत होते.

हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की हा माणूस रोज पाऊण तास जायचा आणि पाऊण तास यायचा माझ्या मानेवर श्वास टाकत होता, आणि घरी जाऊन मी मुलीचे मुके घेत होतो. काका दोन ग्लास घेऊन आले. माझ्या हातातलं कार्ड त्यांनी बघितलं आणि ग्लास बाकावर ठेवले.

"हे काय आहे?"

"गोळ्या चालू झाल्यात," ते म्हणाले. "आठ दिवस झाले."

"माझी मुलगी अकरा महिन्यांची आहे, काका."

"ठाऊक हाय मला. म्हणून तर तोंड बांधतो. एकदा पण तुझ्याकडं तोंड केलं न्हाय."

"हल्ली बांधताय. त्याआधी?"

"खोकला सुरू झाला तेव्हापासनं बांधतोय."

"मला सांगायचं तरी."

त्यांनी बाकावरचे ग्लास जरा आत सरकवले. मग म्हणाले, "तू कोणाला बोलला असतास, तो आणखी कोणाला. काकी बाजारात बसते. टीबीवाल्याच्या घरचं म्हावरं कोण घेईल?"

माझं डोकं फिरलं. आज विचार करतो तेव्हा त्यांचं म्हणणं कळतं, पण त्या वेळी मला काकींची पाटी दिसत नव्हती, माझी मुलगी दिसत होती. मी म्हणालो, "तुम्ही माझ्या घरात आणलंत हे." आणखीही बोललो, ते लिहीत नाही. बॅग बाकावर ठेवली. चाक तयार झालं होतं. "पुन्हा माझ्या गाडीजवळ येऊ नका," असं म्हणून मी गाडी चालू केली आणि त्यांना तिथेच, चेण्याच्या टपरीवर, चहाच्या दोन ग्लासांपाशी सोडून निघालो. ते अडवायला उठले नाहीत.

त्याच दिवशी मी अर्धी रजा टाकून डॉक्टर गाठला. माझा एक्सरे, रक्त, मुलीच्या हातावर ती सुई टोचून दोन दिवसांनी बघतात ती तपासणी, तिचाही एक्सरे. ते दिवस कसे काढले ते बायकोला आणि मला ठाऊक. मुलगी शिंकली तरी आम्ही एकमेकांकडे बघायचो. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सगळे रिपोर्ट हातात आले. कोणालाही काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "ते गृहस्थ नियमित गोळ्या घेत असतील तर आता त्यांच्यापासूनही धोका नाही. खुशाल बसवा मागे." मी रिपोर्ट कपाटात ठेवले, बाहेरून पुरणपोळ्या आणल्या आणि ती गोष्ट माझ्यापुरती मिटली.

काका पोटाच्या दुखण्याचं कारण देऊन रजेवर होते. मार्चमध्ये परत आले, तब्येत जरा भरली होती. बसने यायचे. मी ऑफिसात कोणालाही टीबीचं बोललो नव्हतो, तेवढं मात्र पाळलं. पण स्टोअरमधून काही हवं असेल तर शिपायाच्या हाती चिठ्ठी पाठवायचो. राग केव्हाच गेला होता. आता तोंड आधी कोणी उघडायचं एवढाच प्रश्न उरला होता, आणि माझं म्हणणं होतं की चूक त्यांची आहे, त्यांनी उघडावं. सकाळी गोल्डन नेस्टला ते बसस्टॉपवर उभे दिसायचे. मी उजव्या कडेने गाडी काढायचो.

एप्रिलमध्ये कँटीनमध्ये बिलिंगमधली एक बाई माझ्यावर घसरली. "काय रे, एवढा पगार घेतोस, गाडीचं काम करून घ्यायला काय होतं तुला? म्हातारा माणूस उन्हात बससाठी उभा राहतो."

"कसलं काम?"

"शॉकअप गेलेत ना तुझे? काका सांगत होते. म्हणाले, तो बिचारा रोज बस म्हणतो, पण शॉकअप गेलेत, दोघांचं वजन झेपणार नाही, म्हणून मीच नको म्हटलं."

बाजूच्या टेबलावरचे दोघं म्हणाले, हो, आम्हालाही हेच सांगितलं. म्हणजे अख्ख्या कंपनीला सांगितलं होतं. ज्या माणसाने गाडीच्या बाबतीत साहेबांची भीड ठेवली नाही, तो महिनाभर माझ्या कोऱ्या करकरीत शॉकअपबद्दल खोटं बोलत होता, मला कोणी नावं ठेवू नयेत म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी बसस्टॉपला गाडी थांबवली. काका रांगेत चौथे होते. मला बघून रांगेतून बाहेर आले, पण जवळ आले नाहीत, दोन हात लांबच उभे राहिले. मी रात्रभर काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना. शेवटी तेच बोलले.

"पोरगी कशी हाय?"

"मजेत आहे. चालायला लागली."

"तसं न्हाय विचारत." ते म्हणाले. "तिची तपासणी केलीस का?"

"केली ना. काही नाही तिला. आमच्या कोणालाच काही नाही."

काकांनी शेजारच्या खांबाला हात लावला आणि तो धरून उभे राहिले. माझ्याकडे बघत नव्हते. मग म्हणाले, "कधी कळलं?"

"फेब्रुवारीत. पहिल्या आठवड्यात."

"फेब्रुवारीत," ते म्हणाले.

ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते नुसते मनात महिने मोजत होते, आणि मीही मोजत होतो, पहिल्यांदाच. चेण्याला मी त्यांना सोडलं त्याचं मला वाईट वाटायचं, त्याची मी क्षमा मागायला आलो होतो. हे मला सुचलंच नव्हतं. एक फोन करायचा होता. शिपायाच्या हाती चिठ्ठी पाठवायचो त्यातल्याच एकीवर दोन शब्द लिहायचे होते.

"रोज सकाळी गोळी घेताना तीच डोळ्यासमोर यायची," काका म्हणाले. "विचारायची हिंमत होत न्हवती. वाटायचं, वाईट असेल म्हणूनच हा बोलत न्हाय."

मी म्हटलं, "काका, चुकलो मी. बसा."

"उद्यापासनं बसतो. आज न्हाय." त्यांनी खिशातून रुमाल काढला. "आज मला एकट्याला जाऊ दे."

ठाण्याची बस आली. ते चढले आणि मागच्या दाराजवळच्या सीटवर बसले. बस सुटल्यावर मीही निघालो. काशीमिरा गेलं, चेणे गेलं, गायमुखचा घाट आला, बस रखडत चालली होती आणि मागचे सगळे मला हॉर्न मारून पुढे निघून जात होते. ठाण्यापर्यंत मी तिच्या मागेच राहिलो.